नऊ बाटल्या, दोन राण्या

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला आठ-दहा दिवस उरले असताना माझा धाकटा भाऊ मुंबईहून परत आला. आगबोटीवरून उतारू आणणाऱ्या पडावातून त्याला दोघांनी हात देऊन धक्क्यावर चढवले. धक्क्यावर मालाचा काटा असतो, त्यावर मी त्याला उभा केला. हमाल हसले, पण मला आकडा हवा होता. अठ्ठ्याऐंशी पौंड भरला. आदल्या वर्षी गणपतीला आला होता तेव्हा याच काट्यावर आम्ही दोघे गमतीने चढलो होतो, आणि तो एकशे एकवीस भरला होता. वर्षाच्या आत तेहतीस पौंड.

ही गोष्ट १९३० नंतरच्या एकदोन वर्षांतली. मी तेव्हा जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होतो, आजही तिथेच आहे. मांडवी बंदराच्या वरच्या अंगाला आमचे जांभ्या दगडाचे घर, पुढे ओटी, मागे पडवी. मागच्या पडवीत त्याची खाट टाकली. ताट-वाटी वेगळी केली. दोन्ही मुलींना देवरुखला आजोळी पाठवले. घरात राहिलो चौघे: आई, माझी बायको, मी आणि तो.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला अंगणात बोलावले. म्हणाले, "दसरा बघतील. दिवाळीचं सांगवत नाही."

मी विचारले, "नक्की?"

"तुम्ही मोजणीवाले. आमच्याकडे साखळी नसते हो," ते म्हणाले आणि छत्री उघडून गेले.

मी पडवीत गेलो तर भाऊ माझ्याकडेच पाहत होता.

"किती सांगितले?"

"काय किती?"

"दादा, तू अंगणातून येताना बोटं मोजत होतास."

खोटा आकडा माझ्या तोंडून निघत नाही. तसा प्रयत्न केला तर चेहऱ्यावर दिसतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मी दसरा म्हणालो. त्याने मान हलवली. म्हणाला, "मग एक काम होण्यासारखं आहे."

तो मुंबईत एका कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकर होता. बरण्या पुसणे, किडे टाचणीला लावणे, नावांच्या चिठ्ठ्या डकवणे हे त्याचे काम. तिथल्या साहेबाला मुंग्या पाळायचा नाद होता. दर पावसाळ्यात भाऊ मैदानांवर फिरून त्याच्यासाठी राण्या पकडून आणी.

"राण्या मी पकडायचो, सात वर्षं," तो म्हणाला. "बाटल्या साहेब घरी न्यायचा. पहिली मुंगी कोष फोडून बाहेर येते, ती मी एकदाही पाहिलेली नाही."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"ते बघितल्यावर सांगतो."

मग त्याने मला सगळे नीट समजावून सांगितले. पाऊस उघडला की पंखांच्या राण्या आणि नर उडतात. हवेत त्यांचे लग्न लागते. नर मरतात. राणी एकटी जमिनीत शिरते, तोंड बंद करून घेते आणि अंडी घालते. बाहेर पडत नाही, खात नाही. अंगातल्या चरबीवर स्वतः जगते आणि पोरांनाही वाढवते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की त्यांना मधाचा थेंब, मेलेली माशी असे द्यायला लागायचे, तोवर काही नाही. बाटलीत तळाशी पाणी, वर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा. भोवती काळा कागद. आणि हलवायचे नाही. आपल्याकडच्या उष्म्यात अंड्यापासून मुंगी व्हायला पन्नास दिवस धरायचे.

मी हिशेब केला. ज्येष्ठ लागायचा होता. दसऱ्याला चार महिन्यांहून अधिक अवकाश होता. त्यातले पन्नास दिवस वजा जाता जे उरत होते ते मला पुष्कळ वाटले.

त्याला खाटेवरून उठवत नव्हते, म्हणून पकडायचे काम माझ्याकडे आले. मला मुंग्यांतले काही कळत नव्हते. काळा तो मुंगळा, लाल ती मुंगी, आंब्यावर पाने शिवून राहते ती ओंबील, एवढीच ओळख. पण मोजमाप मला येत होते. एक जुनी वही घेतली, सुताराची पट्टी घेतली. पट्टीवर इंचाचे आठ भाग असतात, एकेकाला सूत म्हणतात. राणी म्हणजे सर्वांत मोठी आणि पंख असलेली, असा नियम मी पहिल्या पानावर लिहिला. हा नियम मी भावाला विचारला नव्हता. मला तो विचारण्यासारखा वाटलाच नाही.

ज्येष्ठात एका संध्याकाळी ओटीवरच्या कंदिलाभोवती पंखांचे किडे जमले. त्यांतला सर्वांत लांब मी निवडला. पंखांसकट साडेसात सूत. बाटलीत घालून पडवीत नेला.

भावाने बाटली डोळ्यांशी धरली आणि हसला. "दादा, ही मुंगी नव्हे. वाळवी."

"पंख आहेत की."

"पंख कावळ्यालाही असतात. कंबर बघ. मुंगीची कंबर दोऱ्याएवढी. हिला कंबर कुठाय?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "वाळवी? वाशांना आहे ती पुरत नाही, म्हणून उशाला ठेवताय?"

ती पहिली बाटली. दुसरी आणि तिसरी एकाच दिवशी भरली. या वेळी कंबर पाहून घेतल्या होत्या, पंखही होते. त्याने एका नजरेत परत केल्या. "डोकं टाचणीच्या माथ्याएवढं आहे. हे नर. आज उद्या जातील." एक दुसऱ्या दिवशी गेला, एक तिसऱ्या. मी वहीत लिहिले: डोके लहान असलेले घेऊ नयेत.

या नियमाने मी चौथीला फसलो. फणसाच्या बुंध्यावर मुंगळ्यांची रांग होती. चिमट्यात धरून एकेकाला पट्टीवर ठेवत तेरा मोजले आणि सर्वांत मोठा घेतला. पाच सूत, डोके मिरीच्या दाण्याएवढे. पंख नव्हते, पण इतके मोठे डोके पाहून मी या वेळी पंखांची अट सोडली.

"ही पहारेकरीण आहे," भाऊ म्हणाला.

"सगळ्यांत मोठी होती."

"तुमच्या कचेरीत सगळ्यांत मोठं डोकं कुणाचं? पागोट्यासकट धर."

"शिपायाचं."

"मग तोच मोजणीचा साहेब का?"

मला राग आला असावा, कारण तो लगेच गंभीर झाला. म्हणाला, "डोकं बघू नकोस, पोट बघू नकोस. मधला भाग बघ. मी त्याला पाठ म्हणतो. काम करणारीची पाठ सडपातळ असते. राणीला पंख हलवायचे असतात, म्हणून तिची पाठ भरलेली, उंच. बैलाच्या वशिंडासारखी. लांबी सोड. पाठीवरून ओळख."

मी हे लिहून घेतले. पण लांबीचा नियम खोडला नाही.

पाचव्या बाटलीसाठी मी रविवारी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, गेलो. कातळाच्या फटीत एक वारूळ होते, त्याच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसे, काटक्या आणि मेलेल्या मुंग्यांची डोकी कुणी मांडून ठेवल्यासारखी होती. वाटले, एवढा थाट आहे तर आत राणी असलीच पाहिजे. पहारीने फट मोकळी केली. सगळ्या मुंग्या परातीत घेतल्या आणि मोजल्या. एकशे त्रेचाळीस. हातावर सतरा डंख. सगळ्यांची लांबी साडेतीन सुतांच्या आसपास, सगळ्यांच्या पाठी सारख्या. एकही वेगळी नव्हती. सकाळपासून दुपारचे दोन वाजेपर्यंत मी उन्हात बसून त्यांना पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटी एक कशीबशी निवडून नेली.

भावाने ती ओळखली. "पिसांचं वारूळ होतं ना? या जातीची राणी साहेबालाही कधी सापडली नाही. तो म्हणायचा, हिला राणी असते की नाही कोण जाणे."

"हे आधी सांगायचं होतंस."

"तू एकशे त्रेचाळीस मोजशील हे मला काय ठाऊक!"

आषाढ लागला होता. कचेरीत बातमी पोचली होती. शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारी, "काय हो, मुंग्यांची मोजणी कुठवर आली? उतारा कुणाच्या नावे काढायचा?" घरी तर आणखीच विचित्र चालले होते. आजाऱ्याला औषध मधातून द्यायचे, त्या मधाला मुंग्या येत. त्या चढू नयेत म्हणून खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, भिंतीच्या कडेने हळदीची रेघ. ही रेघ रोज बायको घाली. आणि ती ओलांडून मी बाटल्या आत नेई.

सहावी आणि सातवी बाटली मी एका पावसाच्या उघडिपीत मिळवली. काळ्याभोर, पंखांच्या, पाच सूत. पाठ उंच. भावाने या वेळी बाटली बराच वेळ फिरवून पाहिली.

"पाठ बरोबर आहे," तो म्हणाला. "जात मुंगळ्याचीच. पण पंख अजून आहेत. लग्न झालंय की नाही कळत नाही. ठेवून बघू."

मी आनंदाने बाटल्या त्याच्या उशाशी ठेवल्या. बायको औषध घेऊन आली, तिने त्या पाहिल्या आणि मला माजघरात बोलावले. ती सहसा असे बोलत नाही. म्हणाली, "अहो, मुंगीला पंख फुटतात ते मरणासाठी. लहानपणापासून ऐकत आलेय. भावोजींच्या उशाला ते नको."

"त्याच राण्या आहेत."

"असोत. ओटीवर ठेवा. आणि पुढली आणाल ती बिनपंखांची आणा."

"बिनपंखांची राणी नसते," मी सांगितले. अगदी ठामपणे सांगितले.

बाटल्या ओटीवर गेल्या. पंख गळले नाहीत, अंडी झाली नाहीत. एक बाराव्या दिवशी मेली, एक पंधराव्या. पण त्या मरायच्या आधीच आठवी आली होती.

आठवी बायकोने पकडली. आषाढ वद्य पंचमीची सकाळ होती. विहिरीशी धुण्याच्या धोंड्यावर एक काळी मोठी मुंगी धावत होती. पंख नव्हते, म्हणजे ही चालेल, एवढाच तिचा विचार. वाटी उपडी घालून तिने मला हाक मारली. मी पट्टी लावली: पाच सूत. म्हटले, ही साधी आहे, सोडून दे, अशा सड्यावर पुष्कळ पळत असतात.

"भावोजींना दाखवून तर या. तुमचं सगळं बघतात, माझं एक बघतील."

भावाने बाटली हातात घेतली आणि उठून बसला. त्याला बसायची मनाई होती.

"दादा, हीच. हिने पंख पाडलेत. पाठीवर दोन्ही बाजूंना चट्टे बघ. आवळा देठापासून तुटला की राहते तशी खूण. लग्न लागलं की राणी स्वतःचे पंख स्वतः तोडते. पंख पाडून जमिनीवर धावणारी, ती राणी."

मी विचारले, "म्हणजे बिनपंखांची?"

"अर्थात. हे मी तुला सांगितलं नव्हतं?"

सांगितले नव्हते. त्याला ते इतके ठाऊक होते की सांगावे असे वाटले नाही, आणि मला माझा नियम इतका ठाऊक होता की विचारावे असे वाटले नाही. वही काढून पाहिली. बिनपंखांच्या म्हणून मी सोडून दिलेल्यांची नोंद होती, कारण मी सगळ्याचीच नोंद करतो. पाच सुतांच्या वर आणि डोके बेताचे अशा अकरा होत्या. सगळ्याच राण्या नसतील. चार असतील, दोन असतील. पहिली ज्येष्ठ शुद्ध नवमीची होती. तीच जर राणी असती तर आषाढ सरेपर्यंत काम झाले असते.

आज मला दहा हातांवरून ओळखता येते. त्याला विद्या म्हणता येणार नाही, एकदा पाठ दिसली की ती दिसतच राहते.

चौथ्या दिवशी बाटलीत तीन अंडी होती. खसखशीपेक्षा जरा मोठी, लांबट. सातव्या दिवशी आठ, दहाव्या दिवशी चौदा. राणी त्यांचा पुंजका तोंडात धरून इकडून तिकडे नेई. भाऊ दिवसातून एकदाच, दुपारी, कागद सरकवून पाही आणि लगेच मिटवी. मला मात्र मोजायचा मोह होई. तो मला दोनदा रागावला. त्या दिवसांत तो पेज दोन वाट्या घेऊ लागला होता. खोकला होता तसाच होता. डॉक्टर म्हणाले, "बरं आहे." कशाला बरे म्हणतात ते मी विचारले नाही. पन्नासावा दिवस भाद्रपदात गणपतीच्या आसपास येत होता. दसऱ्याआधी महिनाभर.

आईने तोवर या प्रकारात लक्ष घातले नव्हते. तिला सकाळ-संध्याकाळ पडवीच्या उंबऱ्याशी बसायची परवानगी होती, आत जायची नव्हती. पण दुपारी आम्ही कोणी नसलो की ती जात असे. एके दिवशी तिने मला विचारले, "ती खाते काय?"

"काही नाही."

"अंडी घातली ना तिने?"

"घातली."

"आणि किती दिवस काही नाही?"

"पन्नास."

"हे कोण म्हणतो?"

"तुझा धाकटा."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटले, पटले.

दोन दिवस ताप होता म्हणून भावाने बाटली पाहिली नव्हती. तेविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने कागद सरकवला आणि मला हाक मारली. बाटलीत पांढरी बुरशी धरली होती. काचेच्या आतल्या अंगाला तूप पसरले होते. राणी त्या तुपात पाय चिकटून आडवी पडली होती. अंड्यांच्या तोपर्यंत बारीक अळ्या झाल्या होत्या, त्या बुरशीखाली गेल्या होत्या. मधोमध मुगाच्या दाण्याएवढी एक गोळी होती.

मी बायकोला विचारले. तिने आईकडे पाहिले.

आई म्हणाली, "मीच घातली. परवा. डिंक तुपात तळला, गूळ घातला. एवढीशी गोळी केली. मेल्यांनो, बाळंतिणीला पन्नास दिवस उपाशी ठेवून कुणाचं भलं झालंय? चार बाळंतपणं केली मी. तुमच्या वेळी डिंक मिळाला तर तुम्ही राहिलात. मधल्या दोन मुलींच्या वेळी मिळाला नाही, त्या राहिल्या नाहीत."

मी ओरडलो. आईवर मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. "आता पुन्हा त्या बाटलीत काहीही घालायचं नाहीस. हातसुद्धा लावायचा नाही. काहीही झालं तरी!"

खाटेवरून भाऊ हसत होता. हसता हसता त्याला ढास लागली ती पुष्कळ वेळ थांबली नाही. थांबल्यावर त्याने तोंड पुसले, फडके घडी करून उशीखाली घातले आणि म्हणाला, "आई, डिंक छान फुललाय गो. मला का नाही दिलास?"

आईने त्या संध्याकाळी त्याला डिंकाचा लाडू करून दिला. त्याने तो जिभेला लावला. गिळवला नाही.

नववी मला गोकुळाष्टमीच्या दिवशी मिळाली. पाऊस ओसरत आला होता, राण्या उडायचे दिवस जवळपास संपले होते. रोज कचेरीत जायच्या आधी आणि आल्यावर मी सड्यावर जात होतो. दहा दिवसांत काही मिळाले नव्हते. ही एका दगडाखाली नुकतीच खळगा करून बसली होती. पट्टी लावली नाही. पाठ पाहिली, चट्टे पाहिले, बाटलीत घातली.

घरी येईपर्यंत मी हिशेब केला होता. भावानेही केला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसले.

"कर," तो म्हणाला.

"केला. श्रावण वद्य अष्टमीपासून पन्नास दिवस म्हणजे आश्विन शुद्ध त्रयोदशी."

"दसऱ्यानंतर तीन दिवस."

"हो."

"डॉक्टरांची तीन दिवसांची चूक होऊ शकते?"

तो तेव्हा किती राहिला होता हे मला उचलताना कळत होते. कापडाच्या गाठोड्यासारखा. काट्याची गरज नव्हती.

"दादा, एकदा तरी खोटं बोल ना रे," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

ही बाटली कोनाड्यात ठेवली, खाटेवरून दिसेल अशी. पाचव्या दिवशी अंडी झाली. आई उंबऱ्याच्या आत आली तरी कोनाड्याकडे पाठ करून बसे. गणपती त्या वर्षी दीड दिवसाचा केला. भाऊ आता दुपारी कागद सरकवत नसे. मी सरकवून बाटली त्याच्यापुढे धरी आणि तो डोळ्यांनी पुरे म्हणे. एकोणतिसाव्या दिवशी चार अळ्यांनी भोवती कोष विणले होते. तांदळाच्या कणीएवढे, पिवळट.

"चार?" त्याने विचारले.

"चार."

"कोषानंतर किती?"

"तूच सांगितलंस. अठरा ते वीस."

तो मोजत असावा. ओठ हलत होते. मग त्याने मोजणे सोडून दिले. मी ते पाहिले.

भाद्रपद वद्य एकादशीला, सकाळी, बायको तोंड धुवायला कोमट पाणी घेऊन गेली तेव्हा तो गेलेला होता. बाटलीचा तो तेहतिसावा दिवस होता. कोषांना अजून सतरा दिवस हवे होते. डॉक्टरांची चूक झाली होती, पण अलीकडच्या बाजूला.

तेरा दिवस झाले. दुसऱ्या दिवशी दसरा होता, आमच्याकडे नव्हता. मी कचेरीत जाऊ लागलो. पडवीकडे मी फिरकलो नाही. बाटली मी विसरलो नव्हतो; मला ती बघायची नव्हती. पन्नासावा दिवस कोणता ते मला पाठ होते, त्या दिवशी मी कचेरीत मुद्दाम उशिरापर्यंत बसलो. मुलींना आणायचे होते, त्याआधी पडवीला चुना द्यायला डॉक्टरांनी सांगितले होते. कार्तिकात चुना देणारा माणूस आला, तेव्हा मी कोनाडा रिकामा करायला गेलो आणि काळा कागद काढला.

कोष फुटले होते. रिकामी टरफले कापसाच्या बोळ्याशी एका बाजूला नीट लावून ठेवली होती. कामकरी मुंग्या सात होत्या. त्याने पाहिले तेव्हा कोष चार होते. आणखी तीन नंतर झाले असावेत. सातही मेलेल्या होत्या, सुकून हलक्या झाल्या होत्या. राणीही. सगळ्या तोंडाकडच्या बोळ्याशी गोळा झाल्या होत्या. तळाशी पाणी होते.

आई माजघरात होती. मी बाटली तिला दाखवली.

"मी पाहिल्या होत्या रे," ती म्हणाली. "दसरा झाल्यावर. फिकट, एवढ्याएवढ्याशा. काचेला तोंड लावत हिंडायच्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? तू जेवायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसत होतास."

"काही घालायचंस तरी. मधाचा थेंब."

आई म्हणाली, "तूच म्हणालास ना, काहीही झालं तरी घालायचं नाही."

मुंग्या बाहेर आल्या की खायला द्यायचे, हे भावाने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. वहीत दुसऱ्या पानावर लिहिलेले आहे. आईला मी ते सांगितले नव्हते.

चुना देणारा बाहेर बादली ढवळत थांबला होता. मी त्याला काम सुरू कर म्हणून सांगितले.